साच्यातून निघालेली गाडी: २०१३ ची इनोव्हा, लालबागमध्ये सात वर्षं वापरून

आधी पार्किंगचं सांगून टाकतो, कारण मुंबईत इनोव्हा घेतो म्हटलं की घरचे पहिलं तेच विचारतात. गाडी जवळजवळ चार मीटर साठ सेंटीमीटर लांब आहे आणि आमची लालबागची गल्ली अशी की दोन्ही बाजूंना बाईक लागल्या की मधून हातगाडी जेमतेम जाते. मी गाडी घरापासून दहा मिनिटांवर पे अँड पार्कमध्ये महिन्याच्या पासवर लावतो, पावसात छत्री घेऊन आणायला जायचं, आई-बाबांना गल्लीच्या तोंडाशी उभं करायचं, मागून टॅक्सीवाला हॉर्न मारत असतो तेवढ्यात त्यांना बसवायचं. हे सात वर्षं चाललंय आणि तरी ही गाडी विकाविशी वाटत नाही, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू, कोणी जुनी इनोव्हा घ्यायच्या विचारात असेल तर उपयोग होईल.

गाडी २०१३ ची, २.५ डिझेल, सात सीटर, मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या. २०१८ मध्ये सेकंडहँड घेतली पावणेआठ लाखाला, तेव्हा ९६ हजार किलोमीटर झाले होते, आज २ लाख ३१ हजार झालेत. वापर म्हणाल तर रोज ऑफिसला नेत नाही, ट्रेन आहे. ही गाडी गावासाठी. आमचं गाव कणकवलीजवळ, लालबागपासून साडेचारशे किलोमीटर, आणि गणपती, शिमगा, मे महिना असे तीन फेरे ठरलेले, शिवाय घरातलं लग्नकार्य, हॉस्पिटल, जेजुरी, कोल्हापूर. आम्ही सहा माणसं, बाबा आता पंचाहत्तरचे, दोन्ही गुडघे गेलेले. गाडी घेताना खरं तर बाबांचे गुडघे बघूनच घेतली. इनोव्हाची सीट अशा उंचीला आहे की माणूस वाकत पण नाही आणि चढत पण नाही, नुसता कडेला टेकतो आणि पाय आत घेतो. सेडानमध्ये बाबांना खाली बसवताना आणि परत वर ओढताना दोन माणसं लागायची आणि मोठ्या एसयूव्हीत चढायला स्टूल. ही गोष्ट ब्रोशरमध्ये कुठे लिहिलेली नसते पण ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना एकदा बसवून बघितलं की लगेच कळते.

चालवायला कशी आहे? १०२ पीएसचं इंजिन, एवढ्या वजनाला ते काही धावणारं नाही. सकाळी थंड असताना टकटक आवाज करतं, गिअरचा दांडा लांब आहे आणि न्यूट्रलमध्ये थरथरतो, वळणावर गाडी कलते. पण दुसऱ्या गिअरमध्ये माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी घाटात ज्या शांतपणे चढते ना, त्याला तोड नाही. मायलेज शहरात साडेनऊ-दहा, हायवेला बारा-तेरा, एसी लावून. एसी हा वेगळाच विषय, छतातून मधल्या आणि मागच्या रांगेला हवा येते, मे महिन्यात दुपारी दोन वाजता मागच्या सीटवरची पोरं झोपून जातात. लांब बसायची गाडी आहे ही. आठ तास चालवून उतरलो तरी कंबर धरत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते.

माझे बाबा साचेवाले. साचा म्हणजे माग, लूम, गिरणीत त्याला साचाच म्हणायचे. परळच्या एका गिरणीत १९७० ला बदली कामगार म्हणून लागले, मग साचेखात्यात कायम झाले आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात बाबा पण, आणि त्यातल्या बऱ्याच जणांसारखे ते परत आत गेलेच नाहीत. पण मशीनबद्दल बोलायला लागले की अजून हात तसेच हलतात.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला जाताना वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, गाडी तासाभरात दोनशे मीटर सरकली असेल. मुलगी मागे बसून मोबाईलवर टोयोटाची माहिती मोठ्याने वाचत होती, तिला कसलं तरी प्रोजेक्ट होतं. तिने वाचलं की टोयोटा आधी साचे बनवायची. बाबा झोपल्यासारखे बसले होते ते एकदम सरळ झाले. म्हणाले, परत वाच.

साकिची टोयोडा, जन्म १८६७, सुताराचा मुलगा. गावात घरोघरी बायका हातमागावर विणायच्या, त्याची आई पण, तिचे कष्ट बघून हा माग सोपा कसा होईल याच्या मागे लागला. १८९१ मध्ये लाकडी हातमागाचं पेटंट, १८९६ मध्ये यंत्रशक्तीवर चालणारा माग, आणि मग १९२४ मध्ये तो मुलगा किइचिरो आणि बाकी लोकांना घेऊन केलेला जी टाईप ऑटोमॅटिक लूम. त्यात धोट्यातली (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, शटल) कांडी, म्हणजे धाग्याची गुंडाळी, संपत आली की साचा न थांबता धोटा आपोआप बदलायचा, आणि धागा तुटला की साचा स्वतःच थांबायचा.

इथे बाबांनी तिला थांबवलं आणि समजावून सांगायला लागले, ते मी त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला की थांबणारे साचे आमच्याकडे पण होते, त्याला एक काटा असतो तो खाली पडतो. पण ताण्यातले, म्हणजे उभे हजारो धागे, त्यातला एक तुटला तर साचा चालूच राहतो, ते डोळ्याने बघायचं, नाही दिसलं तर कापडात उभी रेघ जाते आणि मग खात्यावर बोलणी आपण खायची. आणि कांडी संपली की साचा थांबवायचा, धोटा काढायचा, नवीन कांडी घालायची, धोट्याला बारीक भोक असतं त्याला तोंड लावून श्वासाने धागा बाहेर ओढायचा, त्याबरोबर कापसाची धूळ तोंडात. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस पण तोंडाला लावणार, त्याला खोकला असो नाहीतर अजून काही. एवढं सांगून बाबांनी बोटाने धोटा धरल्यासारखं केलं आणि ओठांपाशी नेऊन श्वास आत ओढला, सुर्रकन आवाज झाला. माझी मुलगी बघतच राहिली. मी पण आरशात बघत होतो, कारण हे मी सुद्धा पहिल्यांदाच बघितलं. बाबा म्हणाले, १९२४ ला त्या माणसाने हे बंद केलं होतं आणि आम्ही १९८२ पर्यंत तोंड लावत होतो.

पुढे तिने वाचलं की १९२९ मध्ये या साच्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडाला घ्यायचा करार केला. प्लॅट हे नाव बाबांना माहीत होतं, स्पिनिंगच्या मशीनच्या बिडाच्या फ्रेमवर ओतलेलं असायचं, प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. ज्या कंपनीच्या मशिनी मुंबईच्या गिरण्यांत आल्या तिनेच जपानी सुताराच्या पोराकडून साचा विकत घेतला. त्या पैशातून किइचिरोच्या गाड्यांच्या कामाला बळ मिळालं असं सांगितलं जातं. १९३३ मध्ये साच्यांच्या कारखान्यातच मोटारींचं खातं सुरू झालं, १९३५ ला पहिला ट्रक, १९३६ ला एए नावाची पहिली विक्रीची कार आणि १९३७ मध्ये वेगळी कंपनी. आडनाव टोयोडा पण गाडीला नाव टोयोटा ठेवलं, जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ आकडा तिकडे शुभ.

साचा स्वतः थांबतो या कल्पनेला कंपनीत जिदोका म्हणतात, आणि पुढे ताइइची ओनो यांनी जी टोयोटाची प्रॉडक्शन सिस्टिम उभी केली, तिच्यात गरजेपुरताच माल गरजेच्या वेळी आणि जिदोका हे दोन खांब. गाड्यांच्या लाईनवर पण तेच, कामगाराला काही चुकलेलं दिसलं तर त्याने दोरी ओढायची, वर दिवा लागतो, सुपरवायझर येतो, तेवढ्यात नाही सुटलं तर लाईन थांबते. बाबांना यातलं सगळ्यात नवल कशाचं वाटलं तर कामगाराने स्वतः मशीन थांबवायची आणि त्याबद्दल त्याला कोणी ओरडायचं नाही. आमच्याकडे साचा उभा राहिला की पगार उभा, असं म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले. मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

या गोष्टीनंतर मला माझीच गाडी वेगळी दिसायला लागली, आणि का ते पुढच्या वर्षीच्या जुलैत कळलं.

गावाला चाललो होतो, माणगावच्या पुढे, पाऊस धो धो. पिकअप जरा कमी वाटत होता, मी मनात म्हटलं पाणी आहे रस्त्यावर म्हणून असेल. मीटरमध्ये एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला, फिल्टरसारखं चिन्ह आणि खाली थेंब. मी पुढे महाडपर्यंत जाऊ म्हणत होतो. बाबा मधल्या सीटवरून म्हणाले, गाडी बोलता हा, गप ऐक. थांब म्हणाले म्हणजे थांबलो. बाजूला टायर पंक्चरचं दुकान होतं, तिथला पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल, त्याने बॉनेट उघडलं, डिझेल फिल्टरच्या खालचा प्लग सैल केला आणि पाण्याची रिकामी बाटली खाली धरली. आधी गढूळ पाणी आलं, चहाच्या अर्ध्या कपाएवढं, मग पाणी आणि डिझेल एकमेकांत न मिसळता, बाटलीत थर दिसत होता, मग स्वच्छ डिझेल. प्लग बंद केला, फिल्टरच्या डोक्यावरचा पंप हाताने दाबत राहिला, तो कडक लागेपर्यंत, म्हणाला आता स्टार्ट करा. दिवा गेला. शंभर रुपये घेतले, मी दोनशे दिले.

आदल्या रात्री शहरात एका पंपावर टाकी फुल केली होती, कुठल्या ते लिहित नाही. पाणी डिझेलमधून आलं, गाडीने ते इंजिनपर्यंत जायच्या आत पकडून ठेवलं आणि सांगितलं. साच्याचा धागा तुटल्यासारखंच.

आता याच्या उलटा अनुभव. परत आल्यावर नीट तपासून घ्यावं म्हणून मुंबईतल्या एका मोठ्या चकाचक वर्कशॉपमध्ये गाडी दिली, काचेची केबिन, कॉफी, सगळं. संध्याकाळी फोन आला की चारही इंजेक्टर गेलेत, बदलायला लागतील, एक लाखाच्या वर एस्टिमेट. मी विचारलं कशावरून, तर म्हणे स्कॅनिंगमध्ये आलंय, रिपोर्ट दाखवा म्हटलं तर तो सिस्टिममध्ये आहे, देता येत नाही. गाडी उचलली आणि कुर्ल्याला सीएसटी रोडजवळ एका जुन्या डिझेल पंपवाल्याकडे नेली, त्याने इंजेक्टर काढून माझ्यासमोर टेस्ट बेंचवर लावले, स्प्रे बघायला मला जवळ बोलावलं. चारही बारीक धुक्यासारखे मारत होते. फिल्टर नवीन टाकला, टाकी साफ केली, सगळं मिळून साडेसहा हजारात काम झालं. त्यानंतर आजपर्यंत तेच इंजेक्टर चालू आहेत. राग आला होता आणि अजून येतो, कारण मशीन खरं बोलत होती आणि माणूस खोटं. जुनी इनोव्हा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की तुम्हाला मोठी बिलं दाखवली जाणारच, कारण इनोव्हावाला म्हणजे पैसेवाला असा समज आहे.

टोयोटा इथे आली कशी याच्यात मराठी माणसाचा मोठा हात आहे आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. टोयोटा किर्लोस्कर मोटर १९९७ ला झाली, कारखाना बंगळुरूजवळ बिदादीला. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९९५ मध्ये, किर्लोस्कर आणि टोयोडा एकत्र आले ते सूतगिरणीच्या मशिनी बनवायला. म्हणजे भारतात पण आधी सूत आणि मग मोटार. विक्रम किर्लोस्करांनी हे सगळं शेवटपर्यंत सांभाळलं, ते २०२२ च्या नोव्हेंबरात गेले. आणि त्यांच्या घराण्याचे मूळ पुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर, ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे, बढतीत डावललं म्हणून नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर, मग १९१० ला किर्लोस्करवाडी. तिकडे सुताराच्या पोराने साचा केला, इकडे मास्तराने नांगर. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले १९९५ ला सूताच्या मशिनी बंगळुरूला, तेव्हा आमच्या गिरणीच्या गेटला कुलूप होतं. खरंय ते. मी त्याच्यावर काही बोलू शकलो नाही.

गाड्यांचा इथला इतिहास थोडक्यात. पहिली क्वालिस, २००० साली. दिसायला डब्बा, इंडोनेशियाच्या किजांग गाडीवरून केलेली, किजांग म्हणजे तिकडच्या भाषेत हरीण. शिर्डीच्या ट्रिपांनी ती डोक्यावर घेतली. २००५ ला कंपनीने चांगली खपणारी क्वालिस बंद करून इनोव्हा आणली, लोक वेडे म्हणत होते. २०१६ ला क्रिस्टा आली. २.४ डिझेल, १५० पीएस, आमच्यापेक्षा खूपच ताकदवान. त्याच सुमारास दिल्लीत २००० सीसीच्या वरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर सुप्रीम कोर्टाने आठेक महिने बंदी घातली होती, मग क्रिस्टा पेट्रोलमध्ये पण काढली. २०२२ च्या शेवटी हायक्रॉस, आणि डिझेल क्रिस्टा अजून सोबत चालूच.

आमच्या मजल्यावर एक जण एअरपोर्टची टुरिस्ट चालवतात, त्यांची क्रिस्टा ४ लाख किलोमीटरच्या पुढे गेलीय. त्यांना विचारलं की इनोव्हाच का, दुसऱ्या गाड्या पाच-सात लाखाने स्वस्त आहेत. ते म्हणाले, गाडी एक दिवस उभी राहिली तर माझा हप्ता चुकतो, ही उभी राहत नाही, आणि विकायला काढली तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दारात. बस, टुरिस्टवाल्यांचं मत एवढंच असतं आणि मला वाटतं ते गाडीबद्दल सगळ्यात खरं मत आहे, कारण त्यांचं पोट त्याच्यावर आहे. घरगुती मालक बोलतात तेव्हा तक्रारी वेगळ्या असतात, त्याच पैशात दुसरीकडे सनरूफ मिळतं, टचस्क्रीन मोठा मिळतो, इथे प्लास्टिक साधं, आवाज जास्त. ते पण बरोबरच आहे. टोयोटा जास्त पैसे घेते आणि कमी वस्तू देते, हे मी वापरणारा असून सांगतो. मी त्याचे पैसे मोजले कारण मला रात्री दोन वाजता कशेडीत आई-बाबांना घेऊन उभं राहायचं नव्हतं.

आणि टोयोटाचा लोगो दिसला की डोळे झाकून घ्या असं मी अजिबात म्हणणार नाही. ग्लान्झा ही बलेनोच आहे, रुमियन म्हणजे अर्टिगा, सुझुकीशी करार करून आणलेल्या. चांगल्या गाड्या आहेत (सुझुकी पण मूळची साचेवालीच, १९०९ ला मिचिओ सुझुकींनी माग बनवायचा कारखाना काढला होता), पण इनोव्हाचं नाव ऐकून त्या घेऊ नका, त्यांचा हिशोब वेगळा करा. कंपनीच्या चुका पण मोठ्या झाल्यात. २०१० मध्ये अमेरिकेत गाड्या आपोआप वेग घेतात या प्रकरणात लाखो गाड्या परत बोलावल्या आणि कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष आकिओ टोयोडांना, म्हणजे साकिचींच्या पणतूला, तिथल्या संसदेच्या समितीसमोर माफी मागावी लागली. २०२४ च्या जानेवारीत डिझेल इंजिनांच्या चाचण्यांत ताकदीचे आकडे नीट यावेत म्हणून गडबड केल्याचं बाहेर आलं, त्यामुळे इथे पण क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्सच्या डिलिव्हरी काही काळ थांबवल्या होत्या. आणि ती गडबड झाली कुठे, तर टोयोटा इंडस्ट्रीजमध्ये, म्हणजे साकिचींनी साचे बनवायला काढलेल्या त्याच मूळ कंपनीत. हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं. आकडा चुकतोय तर थांबा, हेच तर त्यांनी जगाला शिकवलं होतं.

कामगारांचं पण लिहितो, साचेवाल्याचा मुलगा म्हणून ते वगळता येणार नाही. बिदादीला २०१४ मध्ये टाळेबंदी झाली, २०२० मध्ये परत झाली, कामाचा ताण हा त्या भांडणातला मुद्दा होता. जपानमध्ये १९५० ला कंपनी बुडायला आली होती, कामगार कपात, मोठा संप, पण तिथे किइचिरो टोयोडांनी जबाबदारी घेऊन स्वतः अध्यक्षपद सोडलं. दोन वर्षांनी ते वारले. कंपनी नंतर कोरियन युद्धाच्या ट्रकच्या ऑर्डरींनी उभी राहिली. हे मी बाबांना वाचून दाखवलं तर त्यांनी दोनदा विचारलं, मालकाने राजीनामा दिला? मालकाने?

मागच्या महिन्यात हायक्रॉसची टेस्ट ड्राईव्ह घेतली, बाबांना पण नेलं. वरच्या हायब्रिड मॉडेलला मुंबईत ऑन रोड तीस लाखाच्या वर जातात, त्यामुळे घ्यायचीच असं ठरवून गेलो नव्हतो. बटण दाबलं तर आवाजच नाही, बॅटरीवर सरकायला लागली, वरळीच्या सिग्नलला उभी असताना इंजिन बंद, आत बोललेलं कुजबुजल्यासारखं ऐकू येतं. जुनीसारखी डोलत नाही कारण आता चेसिस वेगळी नाही, मोनोकॉक बॉडी, आणि मागच्या चाकांऐवजी पुढची चाकं ओढतात. कंपनीचा मायलेजचा दावा २३.२४ आहे, तेवढं मुंबईत मिळेल असं मी धरत नाही पण ट्रॅफिकमध्ये हायब्रिडचा फायदा जास्त हे तत्त्व बरोबर आहे, ब्रेक मारला की बॅटरी भरते आणि मुंबईत आपण दुसरं करतो काय. भरलेल्या गाडीने खड्ड्यांच्या रस्त्यावर, गावच्या लाल मातीच्या चढावर ही दहा वर्षांनी कशी असेल ते काळच सांगेल, जुन्या इनोव्हाचं उत्तर मात्र माझ्या दारात उभं आहे. बाबांनी आत बसल्या बसल्या सीटवर पालथा हात फिरवला, मग अंगठा आणि बोटात धरून चिमटीत घेतलं जसं ते दुकानात कापड बघतात. म्हणाले, हे विणलेलं नाही. आमच्या गाडीत विणलेलं कापड आहे, बारा वर्षांचं, मधल्या खुर्चीच्या कडेला थोडं घासलंय पण एक धागा सुटलेला नाही. शोरूममधल्या मुलाने बुकिंगचं विचारलं, मी म्हटलं २०२८ ला आमच्या गाडीला १५ वर्षं होतील, परत पासिंग आणि ग्रीन टॅक्सचा विषय येईल, तेव्हा बघू.

जे जुनी २.५ घेणार आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. टायमिंग बेल्ट दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो, बदलल्याचं बिल मागा, नुसतं हो हो केलंय वर जाऊ नका, तो तुटला तर इंजिन जातं. मीटर मागे फिरवलेल्या गाड्या भरपूर आहेत, त्यामुळे आकड्यापेक्षा स्टिअरिंगचं लेदर, क्लच पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची, उजवी कड बघा. एअरबॅग आहेत का ते स्वतः तपासा, जुन्या खालच्या व्हेरियंटमध्ये नव्हत्या. पुढचे सस्पेन्शनचे बुश मुंबईच्या रस्त्यांनी जातातच, त्याचे पैसे भावातून कमी करून घ्या. दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात पण ट्रान्सफर आणि टॅक्स धरून मग तुलना करा.

आणि पैसे द्यायच्या आधी एक करा. इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवा आणि मीटरकडे बघा. सगळे वॉर्निंग दिवे एकदा लागायला पाहिजेत, तो फिल्टरचा पिवळा दिवा पण, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर समजा कोणीतरी त्याचा बल्ब काढून ठेवलाय. ती गाडी कितीही स्वस्तात मिळत असली तरी तिथून परत या.